साडूंचा काला

नागपूर ते इटारसी या सगळ्या पट्ट्यात कुठलंही यंत्र बंद पडलं तर दोष यंत्राचा नसतो, ते सुरू करणाऱ्याच्या संस्कारांचा असतो, अशी ठाम श्रद्धा असलेला एकच माणूस होऊन गेला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू हे नातंच मोठं विचित्र. मित्र आपण निवडतो, बायको निदान पाहून तरी करतो. साडू मात्र आपण मुलगी पाहायला जातो तेव्हा त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेला असतो आणि आपलं लक्ष जात नाही. आमचे साडू तर त्या दिवशी स्टुलावर उभे राहून सासऱ्यांचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडून पाहत होते. मुलीकडच्या सगळ्यांनी मला पगार, शेती, सुपारीचं व्यसन असलं काहीबाही विचारलं. यांनी स्टुलावरून खाली न पाहता एकच प्रश्न केला, "घड्याळाले चावी कोन्त्या हातानं देता?" मी म्हटलं, उजव्या. "मंग जमते," ते म्हणाले आणि माझं लग्न ठरलं, असं ते शेवटपर्यंत मानत.

मी पांढुर्ण्याला मास्तर आणि ते सौंसरला संत्रा बागाइतदारांच्या एका सोसायटीत बाबू. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. तिला मीही ताईच म्हणतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांच्या सोसायटीत कॉम्प्युटर आला. संत्री घेऊन नागपूरला गेलेल्या ट्रकमधून, परतीच्या वाटेवर, संत्र्याच्या पेट्यांत घालतात त्याच तणसात गुंडाळून तो आला आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्या पोटातून काड्या निघत होत्या. अध्यक्षांनी सगळ्या बाबूंना बोलावून विचारलं, "कोन शिकते?" बाकीचे खाली पाहू लागले. साडूंनी मात्र चपला काढल्या, पुढे झाले आणि मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. वय पन्नाशीच्या आसपास, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारून काही दिलेलं.

त्या काळच्या त्या मशीनला स्वतःचं असं काहीच आठवत नसे. रोज सकाळी त्याच्या तोंडात एक काळी, पातळ, तळहाताहून मोठी फ्लॉपी घालून 'तू कोण आहेस आणि तुला काय काय येतं' हे त्याला सांगावं लागे. नागपूरच्या विक्रेत्याचा इंजिनिअर अशा फ्लॉप्यांचा एक गठ्ठा देऊन गेला होता. एक मशीन उठवायची, एक प्रिंटरची, एक हिंदी अक्षरांची, एक बागाइतदारांच्या पावत्यांची. शिवाय आधीच्यांतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या नव्या फ्लॉप्या अधूनमधून बसच्या कंडक्टरच्या हाती येत. एक घाला, काढा, दुसरी घाला, असं करत मशीन उठेपर्यंत चहाची वेळ व्हायची. साडूंना हा प्रकार असंस्कृत वाटला. "पाहुन्याले भात एका ताटात, वरन दुसऱ्या ताटात, मीठ तिसऱ्या घरी, असं वाढते का कोनी?" ते म्हणत. मग त्यांनी इंजिनिअरची पुस्तकं वाचून, कंडक्टरकरवी प्रश्न पाठवून आणि कंडक्टरच्या तोंडून आलेली उत्तरं स्वतःच्या अकलेनं दुरुस्त करून, सगळ्या फ्लॉप्यांतलं हवं तेवढं काढून घेतलं आणि एकाच फ्लॉपीत कालवलं. मशीन उठवणारं, प्रिंटर चालवणारं, हिंदी लिहिणारं, दुरुस्त्यांसकट सगळं एकत्र. त्याला त्यांनी नाव दिलं काला. दहीकाल्यातला काला. "मी काला करून राहिलो," असं सांगून ते खोलीत शिरले की संध्याकाळपर्यंत बाहेर येत नसत.

प्रिंटरला किंवा हिंदी अक्षरांना चालवणारा जो भाग असतो त्याला इंग्रजीत ड्रायव्हर म्हणतात. साडू त्याला दुभाष्या म्हणत, आणि हे समजायला सौंसरच्या माणसाला वेगळी बुद्धी लागत नाही, असं त्यांचं मत होतं. आमच्याकडे कचेरीत हिंदी, घरी मराठी, बाजारात दोन्ही आणि भांडणात जी आधी तोंडात येईल ती. "मशीन बोलते एक, प्रिंटर समजते दुसरं. मधात दुभाष्या नसन तं दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतीन," ते सांगत. "आपल्या तहसीलीत जाऊन पाहा, मास्तर. नवा साहेब भोपाळहून आला का आधी दुभाष्या शोधते. तो समजदार होता म्हनून साहेब झाला." हे सगळं ते मला सणासुदीला, जेवताना, बहुधा मी पुरणपोळीचा पहिला घास घेतला की सांगत.

पण काला करणं सोपं नव्हतं. सगळे दुभाषे एका फ्लॉपीत बसवले तरी ते एकमेकांशी नांदत नसत. हिंदीवाला आधी बसला तर प्रिंटरवाला रुसे, प्रिंटरवाला आधी बसला तर मशीन मध्येच दगडासारखं गप्प होई. साडूंची त्यावरची पद्धत पंगतीची होती. पंगतीत भांडण झालं तर कोणी सुरू केलं हे विचारायचं नाही, कारण सगळे दुसऱ्याचं नाव घेतात. एकेकाला पानावरून उठवायचं आणि पाहायचं भांडण थांबतं का. ज्याला उठवल्यावर थांबलं तो दोषी. मग त्याला दुसऱ्या जागी, शक्यतो भिंतीकडे, बसवून पाहायचं. या रीतीवर त्यांचा इतका विश्वास बसला की ते ती जगात सगळीकडे लावू लागले. पोट बिघडलं की रोज एकेक पदार्थ बंद करत. एकदा तर असं करता करता नुसत्या ताकावर आले आणि तरी पोट दुखतच होतं, तेव्हा ताईनं त्यांच्या कमरेचा पट्टा सैल केला. एका मेहुणीच्या लग्नात आमच्या सासरच्या मंडळींत मानापानावरून धुसफूस चालली होती. साडूंनी पद्धतशीर सुरुवात केली. आधी सासऱ्यांना जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला धाडलं. धुसफूस चालूच. मग बायकोच्या मावशींना पाहुण्यांचा चहा पाहायला पाठवलं. चालूच. मला बॅण्डवाल्यांकडे पिटाळलं. शेवटी ते स्वतः फटाके आणायला बाजारात गेले, आणि मंडपात अशी काही शांतता पसरली की मी परत आलो तेव्हा मावशी हसत होत्या. हा निष्कर्ष त्यांना कोणी सांगितला नाही. सांगायला हवा होता असं आता वाटतं, कारण त्यांनी तो शास्त्रीय म्हणून लगेच मान्य केला असता.

मशीनच्या खोलीचे नियम तर देवळापेक्षा कडक होते. चपला बाहेर. हात-पाय धुऊन आत. खर्रा खाणाऱ्यानं चूळ भरून यायचं, मग तो अध्यक्ष का असेना. अध्यक्ष कुरकुरत नळाकडे जाताना मी स्वतः पाहिले आहेत. आणि चहा? चहाचं नाव काढायचं नाही. चपराशी बिचारा कप घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राही आणि साडू बाहेर येऊन, खोलीकडे पाठ करून, मशीनला दिसू नये अशा बेतानं चहा पीत. एकदा छिंदवाड्याहून आलेल्या एका साहेबानं हातात कप घेऊनच उंबरा ओलांडला. साडूंनी त्याच्या बशीखाली स्वतःची ओंजळ धरली आणि साहेब बाहेर जाईपर्यंत तशीच धरून त्याच्यामागे फिरत राहिले. साहेबाला वाटलं, केवढा हा मान.

आणखी एक त्यांचं वेड म्हणजे माणुसकी. मशीन सुरू झाल्याबरोबर एकदम कामाला जुंपणं त्यांना पटत नसे. म्हणून त्यांच्या प्रत्येक काल्यात पहिल्यांदा पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'राम राम' उमटे, मग 'जेवण झालं का?' असा प्रश्न येई आणि कुठलीतरी कळ दाबेपर्यंत मशीन पुढे हलत नसे. पावती घ्यायला आलेले म्हातारे बागाइतदार साडूंना विचारत, काय म्हणते हे? साडू वाचून दाखवत. म्हातारे पडद्याकडे पाहून हात जोडत आणि म्हणत, "हाव, झालं. तुमचं?" मग साडू कळ दाबत.

काला घेऊन ते कधी कधी पांढुर्ण्याला यायचे. आमच्याकडच्या एका जिनिंग मिलमध्ये दुसरं मशीन होतं आणि त्याचाही काला यांनीच करून दिला होता. बसमध्ये फ्लॉप्यांचा डबा मांडीवर, डब्याभोवती टॉवेल. इंजिनजवळ बसायचं नाही, ऊन पडेल त्या बाजूला बसायचं नाही, आणि ज्याच्याजवळ ट्रान्झिस्टर असेल त्याच्यापासून लांब, कारण त्याच्या भोंग्यातल्या लोहचुंबकानं फ्लॉपीतलं सगळं पुसून जातं. एकदा मॅच रंगात आलेली, आख्खी बस एका ट्रान्झिस्टरभोवती जमलेली, आणि हे त्या माणसाला हात जोडून विनवताहेत, "बापा, तू मांगच्या सीटवर जा. माह्याजवळ सौंसरचे समदे संत्रे आहेत." लोकांनी डब्याकडे पाहिलं. डबा पापडाचा होता.

ताईला मात्र हा सगळा प्रकार मुळीच आवडत नसे. ती मशीनला सरळ सवत म्हणायची. "तिच्या खोलीत जायले पाय धुतात, माह्या घरात चिखलाचे पाय," हे तिचं पेटंट वाक्य होतं. माझी बायको तिला समजवायला गेली की ती म्हणे, "तुले काय, तुह्या नवऱ्याचं लफडं खडूशी आहे. खडू संपते." यावर साडू फक्त त्या दिवशी घरी येताना पाय धुऊन येत, आणि दुसऱ्या दिवशी विसरत.

मशीन येऊन दोन वर्षं झाली, त्या वर्षी दसऱ्याआधी सोसायटीच्या इमारतीला चुना लावायला काढला. चुन्याची धूळ फ्लॉपीला विषासारखी. म्हणून साडूंनी एकूण एक फ्लॉप्या, इंजिनिअरनं दिलेल्या मूळच्या, स्वतः केलेले काले, जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रती, सगळ्या पापडाच्या डब्यात भरल्या आणि घरी आणून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवल्या. घरातली तीच सगळ्यात स्वच्छ जागा. दसरा झाला, चुना वाळला, डबा परत गेला, आणि मशीन उठलं नाही.

आंबिया बहाराच्या तोडणीचे दिवस होते. बागांतून माल यायला लागला होता, गाड्या भरत होत्या आणि पडद्यावर इंग्रजीतली एकच ओळ: ही फ्लॉपी मला कळत नाही. बाबूंनी पावत्या हातानं लिहायला घेतल्या, चुका होऊ लागल्या, बागाइतदार ओरडू लागले. अध्यक्ष काही वाईट नव्हते, पण त्यांच्याही डोक्यावर माणसं होती. त्यांनी साडूंना बोलावून सांगितलं, "बाबू, दिवाळीपर्यंत पाहतो. नाही झालं तं नागपुरातून शिकून आलेला तो नवा बाबू आहे, त्याले बसवतो मशीनवर. तुमाले काट्यावर धाडीन. मले पर्याय नाही." काटा म्हणजे गावाबाहेरच्या शेडमधला वजनकाटा. तिथे दिवसभर उभं राहायचं, पेट्या चढवायच्या, उतरवायच्या, वजन ओरडून सांगायचं. साडू त्याच काट्यावर आयुष्याची कितीतरी वर्षं काढून वर आले होते. कष्टाला ते घाबरत नव्हते. पण काट्यावर त्यांना कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

साडूंनी पंगत उठवायला घेतली. आधी हिंदीचा दुभाष्या काढला. मशीन गप्प. प्रिंटरचा काढला. गप्प. नागपूरच्या दुरुस्त्या काढल्या. शेवटी जड मनानं 'राम राम'सुद्धा काढून पाहिलं. निदान ते असं सांगत. मुळात कुठलीच फ्लॉपी नीट वाचली जात नव्हती, म्हणून हे सगळं ते कसं काढत होते ते मला कधी कळलं नाही. अर्ध्या वेळा मशीन उठे आणि मध्येच बसे, तेवढ्यात ते आशेनं काहीतरी काढून घेत असावेत. मूळच्या फ्लॉप्या घातल्या, त्यांचीही तीच गत. तेव्हा दिवाळी तोंडावर असताना ते डबा घेऊन आमच्याकडे आले. दाढी वाढलेली. घरात शिरताना पाय धुतले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

आम्ही मिलमध्ये गेलो. तिथले मुनीमजी स्वभावानं संशयी, पण साडूंना मानत. त्यांनी मशीन मोकळं करून दिलं. साडूंनी आपला काला घातला, मशीननं खरखर केली आणि तीच ओळ आली. मग खात्री करून घ्यायला त्यांनी मिलचाच, रोज चालणारा काला घातला. पुन्हा तीच ओळ. मुनीमजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "बाबूजी, सकाळपासून चालत होतं ना हो! तुम्ही आले अन् काय करून राहिले हे?" साडू मात्र चिडले नाहीत, घाबरले नाहीत. उलट डोळे चमकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, पंगतीत भांडनारा सापडला. तो डब्यातून येऊन राहिला. जिथी जाते तिथी घान करते."

मशीनचं झाकण उघडलं. फ्लॉपी वाचणारं जे बारीकसं टोक असतं ते आत खोल असतं. मुनीमजींच्या टॉर्चनं आणि पलीकडच्या खोलीत टाइप करणाऱ्या बाईंच्या पर्समधल्या आरशानं ते पाहायचं ठरलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून स्पिरिट आणलं. आता फक्त स्वच्छ कापसाचा बोळा हवा होता, आणि आख्ख्या जिनिंग मिलमध्ये तो मिळेना. जो होता तो सरकीसकट ढिगात, नाहीतर गाठी बांधून शिवलेला. शेवटी मुनीमजींनीच स्वतःच्या कानातला अत्तराचा फाया काढून दिला आणि साडूंनी तो नाकारला म्हणून ते थोडे दुखावले. मग माझ्या बायकोला निरोप गेला, घरून वाती करायचा कापूस आला. साडूंनी काडीला बोळा गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला, आत घातला, हलकेच फिरवला आणि बाहेर काढला.

बोळा पिवळा झाला होता. मधोमध लाल.

मला काही कळलं नाही. मुनीमजी म्हणाले, गंज असेल. साडूंनी बोळा नाकाशी नेला, हुंगला आणि खाली बसले. डब्यातून एक फ्लॉपी काढून उजेडाकडे धरली. फ्लॉपीच्या काळ्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिथून आतली चकती दिसते. तिथे, अगदी बारकाईनं पाहिलं तर, ओल्या फडक्यानं पुसल्याची एक फिकट पिवळी खूण होती. दुसरीवर होती. तिसरीवर होती. एकही फ्लॉपी सुटली नव्हती.

"हयद आहे," ते म्हणाले. "हयद अन् कुंकू."

मशीनमधलं टोक पुसल्यावर मिलचा काला पुन्हा चालला आणि मुनीमजी मारुतीचं नाव घेत चहा मागवायला गेले. साडूंच्या फ्लॉप्या मात्र गेल्याच होत्या. सुकलेल्या कुंकवानं आतल्या चकत्या ओरखडल्या होत्या. मिलच्या काल्यावरून सौंसरचं मशीन नुसतं उठलं असतं, पण हिंदीचा दुभाष्या आणि पावत्यांचं काम त्याच्यात नव्हतं. ते नागपूरहून नव्यानंच आणावं लागणार होतं, आणि त्यासाठी अध्यक्षांना काय झालं ते सांगणं आलं. आम्ही मिलच्या बाहेर बाकावर बसलो. साडूंनी डब्याभोवती पुन्हा टॉवेल गुंडाळला.

"खंडेनवमीले मी ओट्यावर पेपर वाचून राहिलो होतो," ते म्हणाले. "आतून आवाज आला, यंदा तुमचंही शस्त्र पूजेत मांडलं बरं का. मले वाटलं, कॅल्क्युलेटर असन."

मला हसू यायला लागलं होतं, ते तिथेच थांबलं. दोन वर्षं जिला सवत म्हटलं, तिलाच ताईनं त्या नवमीला पाटावर बसवलं होतं. विळी, कातर यांच्या शेजारी तिनं नवऱ्याच्या एकेक फ्लॉपीला बोट लावलं असेल, आणि बोट लावायचं तर ते देवाच्या तोंडाला लावावं, म्हणून नेमकं त्या खिडकीतच लावलं असेल. दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसून, होत्या तशा, कुणाला न सांगता डब्यात. भांडण मिटवायची तिची ही रीत होती.

"घरी बोलू नका," साडू म्हणाले. "तिलेही नाही, अन् तुमच्या घरीही नाही. सख्ख्या बहिनी आहेत. पोटात राहत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सौंसरला गेलो. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती आणि त्यांना एकटं सोडावंसं वाटेना. अध्यक्ष खुर्चीत, दारात चपराशी, बाजूला तो नवा बाबू. अध्यक्षांनी सरळ विचारलं, "काय झालं होतं?" साडू म्हणाले, फ्लॉप्या खराब झाल्या, नव्या आणाव्या लागतील. "सगळ्या? एकदम? कशा?" साडू चष्म्याच्या काडीचा दोरा घट्ट करू लागले. अध्यक्ष खरंच मदत करायला पाहत होते. ते म्हणाले, "चुनेवाल्याइनं हात लावला का? सांगा. चपराशानं काही सांडलं? नाव घ्या, बाबू. तुमचं नसन तं तुमाले मी काट्यावर धाडत नाही."

मला वाटलं, सांगून टाकावं. एवढं तर होतं: बायकोनं पूजा केली. कुणी रागावलं नसतं. फक्त संध्याकाळपर्यंत सौंसरच्या बाजारात ते फिरलं असतं, बागाइतदारांनी पावती घेताना हसून विचारलं असतं, आणि ताई भाजी घ्यायला गेली की बायकांनी तिला हळद-कुंकवाचा भाव विचारला असता. पुढे कितीतरी वर्षं.

"चहा सांडला," साडू म्हणाले. "माह्या हातून. फ्लॉप्याइवर."

दारातल्या चपराशानं मान वर केली. त्या खोलीत चहा कधीही गेला नव्हता हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यानं साडूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. अध्यक्षांनाही पटलं नसावं. ते थोडा वेळ थांबले, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. काही मिळालं नाही. "मंग माह्या हातात काही नाही, बाबू," ते म्हणाले. साडूंनी खिशातून खोलीची किल्ली काढून नव्या बाबूच्या हातात दिली. "मशीनची बटनं कोन्त्या हातानं दाबतोस?" त्यांनी विचारलं. तो गोंधळून म्हणाला, दोन्ही. साडूंनी निःश्वास टाकला आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

संध्याकाळी घरी ताईनं आम्हाला जेवायला वाढलं. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, चहा सांडल्याचीच. माझ्या पानात भात वाढता वाढता म्हणाली, "पाहा ना भाऊ, दोन वर्षं मी त्या मशीनचा राग राग केला तं चांगलं चालत होतं. यंदा पहिल्यांदा हात जोडले, अन् यंदाच गेलं. माह्या हातालेच गुन नाही." मी पानात पाहत राहिलो. साडूंनी वरणाची वाटी खाली ठेवली. "असं नोको म्हनू वं," ते म्हणाले. "तुह्या पूजेचा गुन मशीनले लागला. नव्या फ्लॉप्या येऊन राहिल्या, ते चालू होऊन राहिलं. बंद पडला तो मी. माही पूजा तू कुठी केली होती?" ताई डोळे पुसत हसली आणि त्यांना आणखी वरण वाढलं.

ते पुन्हा मशीनवर गेले नाहीत. काट्यावरूनच निवृत्त झाले. आता ते नाहीत, आणि ताईची नजर इतकी गेली आहे की अक्षर दिसत नाही, म्हणून एवढं सगळं लिहायची माझी हिंमत झाली. माझ्या बायकोला हे मी वाचून दाखवणार नाही, तिच्या पोटात राहत नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मी सौंसरलाच होतो. ताईनं पाट मांडला, विळी ठेवली, कातर ठेवली आणि थोडी घुटमळली. साडूंनी काट्यावरची दोन लोखंडी वजनं घरी आणली होती. घासून, पुसून त्यांनी ती स्वतःच्या हातानं पाटावर ठेवली आणि तिच्याकडे हळद-कुंकवाची कोयरी सरकवली. ताईनं भीत भीत बोटाच्या टोकावर थोडंसं कुंकू घेतलं.

"भीतेस कायले?" साडू म्हणाले. "लाव. पाह्यजे तेवढं लाव."